बिनकातडीचे तुकडे

३ फेब्रुवारी, सोमवार
बाजाराला सुट्टी

चिंगळी,

पाकीट फाडून टाकण्याआधी हुंगून बघ. मासळीचा वास येणार नाही. लिहायला बसण्याआधी तीनदा साबणानं आणि एकदा लिंबानं हात धुतलेत. तुझी आई असती तर म्हणाली असती, चला, जन्मात एकदा तरी धुतले.

फोन तू उचलत नाहीस. मागे एकदा चुकून उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पत्राचं बरं असतं. ते मध्येच मिटलं तरी पुढचा मजकूर तिथंच थांबून राहतो. आणि अर्धवट सोडलेलं काम तुला चैन पडू देत नाही, हे मला तुझ्या चौथ्या वर्षापासून ठाऊक आहे.

जावईबापूंचा फोन आला होता. त्यांच्यावर डाफरू नकोस, बिचारे कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून दबक्या आवाजात बोलत होते. त्यांच्याकडून कळलं की तुला पुन्हा दिवस गेलेत, चौथा महिना लागलाय. बापाला मुलीची ही बातमी जावयाकडून कळावी. ठीक आहे. मी मनाला लावून घेतलेलं नाही.

ते म्हणाले, दूध तुला पचत नाही, अंड्याच्या वासानं ओकारी येते, दोन घासांत ताट सारून देतेस आणि वर दिवसभर उभं राहून कापडाचे थर कापतेस. रक्त कमी झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडी मासळी जाऊ द्या पोटात, बाळाच्या मेंदूलाही चांगली असते. तर तू खुर्चीवरून उठलीस आणि बाहेर गेलीस. ठमीलाही तू मासळीचा तुकडा कधी दाखवलेला नाहीस म्हणे. अडीच वर्षांची पोर, मासळीवाल्याची नात.

तीन वर्षांपूर्वी जे झालं ते झालं. मी काय मुद्दाम केलं? ठमीच्या वेळी तुला तलवारमाशाचे तुकडे पाठवत होतो ते बाजारातला सगळ्यांत चांगला मासा म्हणून. पहाटे बोटीवरून उतरताना स्वतः निवडायचो. कल्ले उघडून बघायचो, बोटानं दाबून बघायचो, मांस परत वर आलं तरच घ्यायचो. मग दवाखान्यातल्यांनी तुझे केस कापून तपासायला नेले आणि सांगितलं की अंगात पारा चढलाय. मला काय माहीत? पारा ताप मोजायच्या नळीत असतो एवढंच आम्हाला ठाऊक. माशातला पारा डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, चवीला लागत नाही. कुणालाच माहीत नव्हतं.

मी तलवारमासा खा म्हणत नाही. तारली खा म्हणतोय, बोटाएवढी. पारा साठतो मोठ्या माशात. लहान माशाला मोठा खातो, त्याला आणखी मोठा, आणि वर्षानुवर्षं जगलेल्या त्या धेंडाच्या अंगात सगळ्यांचा गोळा होतो. तारलीला इतकं आयुष्यच नसतं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, छापील आहे.

ठमी बोलते का गं आता? जावईबापू म्हणाले, सात-आठ शब्द. त्यात "आजोबा" नसणार, कुणी शिकवलाच नसेल.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण खा काहीतरी.

तुझा
अप्पा


१६ फेब्रुवारी, रविवार
दुपारी, दुकान धुऊन झाल्यावर

चिंगळी,

पेटी परत आली.

मला वाटलं होतं, निदान झाकण उघडून बघशील. सकाळच्या गाडीनं दिली होती, थर्माकोलच्या पेटीत, खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये चाळीस तारल्या. सगळ्या एका मापाच्या, जणू मोजून घडवलेल्या. संध्याकाळी तोच गाडीवाला ती हातभर लांब धरून माझ्यापुढे उभा. म्हणाला, "काका, बाईंनी घेतली नाही. आणि पुन्हा ही माझ्याकडे देऊ नका. बर्फ वितळला, माणसं खिडक्या उघडून बसली, एक म्हातारी मधल्या थांब्यावर उतरून गेली." मी माफी मागितली. चाळीस वर्षं धंदा करतोय, माझ्या मासळीला वास येतो असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

शेजारच्या गाळ्यातली कोळंबीवाली हसायला लागली. तुला ती माहीत आहे, तिला दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय कोळंबी सोलता येत नाही. म्हणाली, "भाऊ, लेकीनं पेटी परत पाठवली की तुम्हाला?" मी खवळलो होतो, खोटं कशाला सांगू. आजही थोडा खवळलेलाच आहे. बापावर राग धर, पण पोटातल्या जिवाचे हाल कशाला?

माझी निळी पेटी तुझ्याकडेच राहिलीय. जाड भिंतींची, पितळी कडी असलेली. ठमीच्या वेळी आठव्या महिन्यात पाठवलेली ती शेवटची. तू ती टाकून दिली असशील. दिली असशील तर तसं कळव, म्हणजे मी आठवण काढायचं सोडून देईन.

तुला एक सांगायचं राहिलंय. आजवर का सांगितलं नाही ते ठाऊक नाही.

तुझ्या वेळी तुझी आई पोटुशी होती तेव्हा ती दुकानावर माझ्याबरोबर बसायची. सातवा महिना होता. एक गिऱ्हाईक आलं, त्यानं तलवारमाशाचा मोठा जाड काप मागितला. मी तो तागडीत टाकला. तुझी आई त्याच्याकडे बघत होती. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "याची चव कशी असते हो?" मासळीवाल्याची बायको, आणि तिला ती चव माहीत नव्हती. आमच्याकडे घरी जायची ती उरलेली मासळी. दुपारपर्यंत न खपलेली तारली, तीही पोट फुटलेली, गिऱ्हाइकानं बाजूला सारलेली. तिनं नऊ महिने तीच खाल्ली आणि तू झालीस, मूठभर, बारीक कोळंबीसारखी वळवळणारी, म्हणून तुझं नाव मी चिंगळी ठेवलं. मी तिला म्हणालो होतो, "उद्या आणतो तुझ्यासाठी एक काप." तो उद्या कधी उजाडला नाही. रोज कुणीतरी गिऱ्हाईक असायचंच. ती गेली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून त्या कापाचाच विचार करत होतो. लाज वाटत होती.

म्हणून तुला दिवस गेले तेव्हा मी ठरवलं की माझ्या मुलीला उरलंसुरलं जाणार नाही. तुला वाटतं मी हट्टानं पाठवत होतो. तो हट्ट नव्हता.

अप्पा


२ मार्च, रविवार

चिंगळी,

पत्रकवाली बाई परत आली होती.

परत म्हणजे, अशा बाया बाजारात येतच असतात. आरोग्य खात्याच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पत्रकं, पायात बंद बूट, कारण आमच्याकडची ओली फरशी एकदा आपटल्याशिवाय कुणाला कळत नाही. या वेळी तिच्याकडे मोठं रंगीत पत्रक होतं. डावीकडे पोटुशा बायांनी आणि लहान मुलांनी काय खावं त्याची चित्रं, उजवीकडे काय टाळावं त्याची. डावीकडे सगळ्यांत वर तारली. उजवीकडे सगळ्यांत वर तलवारमासा, तलवारीसकट. चित्रकारानं डोळा चुकवलाय, पण मासा ओळखता येतो.

मी तिला स्टूल दिलं. तुझ्याबद्दल विचारलं, तुझं नाव न घेता. म्हटलं, एक बाई आहे, पहिल्या वेळी अंगात पारा चढला होता, आता दुसरी खेप आहे, भीतीनं तिनं मासळीच सोडली. बाई म्हणाली, "काका, भीती वाजवी आहे, पण सगळी मासळी सोडणं म्हणजे उलटंच नुकसान. बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना जे लागतं ते माशातून मिळतं. आठवड्यातून दोनदा बारीक मासळी खाऊ दे तिला. आणि तीन वर्षांत पहिला पारा अंगातून केव्हाच निघून गेला असेल. तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगा."

मग मी विचारलं की त्या बाईची पहिली मुलगी उशिरा बोलतेय, ते त्यामुळेच का. बाई म्हणाली, "एका मुलाकडे बघून कुणी सांगू शकत नाही. त्यामुळेच आहे असंही नाही, आणि नाहीच असंही छातीठोक म्हणता येत नाही. पुष्कळ मुलं उशिरा बोलतात." मला वाटलं होतं की ती एक काहीतरी सांगेल. हो म्हणाली असती तरी चाललं असतं, असं त्या क्षणी वाटलं.

मी तिला आणखी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर ऐकून मी तागडी धरून उभा राहिलो, आणि कोळंबीवालीनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. तो प्रश्न काय होता ते पुढे कधीतरी लिहीन. आज हात चालत नाही.

खात जा गं.

अप्पा


९ मार्च, रविवार

चिंगळी,

जावईबापूंचा फोन आला. तू कारखान्याच्या जिन्यात चक्कर येऊन बसलीस. दोन पायऱ्या घसरलीस, कठडा धरलास म्हणून वाचलीस. बाळ ठीक आहे, पण त्याचं वजन हवं तसं वाढत नाही. ते फोनवर रडत होते. धड माणूस आहे तो, त्याला असं एकट्याला रडू देऊ नकोस.

मी आज दुकान उघडलं नाही. जे लिहायचंय ते दुकानात बसून लिहिता येणार नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कुणालाच माहीत नव्हतं. ते खोटं आहे. मला माहीत होतं.

ठमीच्या वेळी तुला तिसरा महिना होता तेव्हा ती पत्रकवाली बाई पहिल्यांदा बाजारात आली. तीच बाई, तीच पिशवी. तिनं माझ्या हातात पत्रक दिलं आणि नीट समजावून सांगितलं. कोळंबीवाली साक्षीला आहे. मी त्या बाईची टिंगल केली. म्हटलं, "बाई, पारा कुठल्या माशात आहे ते बोट ठेवून दाखवा, मी तो बाजूला काढतो." ती म्हणाली, बघून कळत नाही. मी म्हटलं, मग तुम्हाला तरी कसं कळलं? आजूबाजूचे हसले. तिनं तारलीचं चित्र दाखवून सांगितलं की पोटुशा बाईला ही द्या. मी म्हटलं, "ही आम्ही उरली तर घरी नेतो." पुन्हा सगळे हसले. ती पत्रक ठेवून गेली.

पण ते माझ्या डोक्यातून जाईना. आठ दिवसांनी तुला चौथीत शिकवणाऱ्या बाईंची सून आली, तीही पोटुशी होती. तिनं तलवारमासा मागितला. मी तिला म्हणालो, "आज तो बरा नाही, तारली न्या." परक्याच्या सुनेला मी तारली दिली. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

तू विचारशील, मग मला का नाही? मी स्वतःला हाच प्रश्न तीन वर्षं विचारतोय. मला तुला तारली पाठवता येईना. तुझ्या आईच्या ताटातली ती फुटक्या पोटाची तारली डोळ्यांपुढे यायची. मुलगी पहिलटकरीण, सासरी, आणि बापानं पेटी भरून काय पाठवायचं, तर आपल्याकडे न खपणारा माल. हात धजेना. मग मी माझी अक्कल चालवली.

आमच्या धंद्यात घाण कुठं असते ते आम्हाला माहीत असतं. पोटात, कल्ल्यात, चरबीत, कण्यालगतच्या काळ्या मांसात. मासा नासतो तो तिथून. म्हणून मी ठरवलं, पारा असेल तर तोही तिथंच असणार. त्या आठवड्यापासून मी तुझ्या तुकड्यांची कातडी काढायला लागलो. खालची चरबी खरवडून काढायचो, काळं मांस सुरीच्या टोकानं कोरून काढायचो, तीन पाण्यांतून धुवायचो. एवढी नाजूक कापणी मी कुठल्याही गिऱ्हाइकासाठी केलेली नाही. मला वाटायचं, मी माशातून पारा काढून टाकतोय.

तुला ते दिसलं होतं. तू कापणारी, कापडाचा काठ सुतभर सरकला तरी तुझ्या नजरेला कळतो. तू फोनवर विचारलंस, "अप्पा, तुकड्यांची कातडी कुठं गेली?" मी म्हटलं, तुला गिळगिळीत लागते म्हणून काढली. तू हसलीस आणि म्हणालीस, "इतकी वर्षं नाही काढलीत ती." मीही हसलो. आठवतं?

आणि एवढं सगळं काढून टाकल्यावर तुकडा एवढासा दिसायचा. तो पेटीत ठेवताना मला कसंसंच व्हायचं. म्हणून आठवड्याला एक पेटी जात होती, तिच्या मी दोन केल्या.

मग आठव्या महिन्यात त्यांनी तुझ्या मानेजवळची बट कापली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, आणि त्या त्या महिन्यात जे पोटात गेलं ते त्या त्या सेंटीमीटरमध्ये राहतं, असं तूच मला सांगितलंस. तू आकडे वाचून दाखवलेस, टोकाकडून मुळाकडे. पहिले तीन सारखे. चौथ्यापासून चढते. तू विचारलंस, "अप्पा, चौथ्या महिन्यापासून तुम्ही दोन पेट्या का पाठवायला लागलात?" मी म्हणालो, तुझी भूक वाढली होती म्हणून. आणि वर म्हणालो, मला काय माहीत असं होईल.

तू फक्त म्हणालीस, "तुम्ही परत काही पाठवू नका," आणि फोन ठेवलास. मला वाटायचं तू माशावर रागावलीस. आता कळतंय की तुला माझ्या आवाजातलं खोटं ऐकू आलं होतं. ते काय होतं हे तुला माहीत नव्हतं, पण आहे एवढं कळलं होतं.

परवा पत्रकवालीला मी विचारलेला प्रश्न हा होता: "पारा माशाच्या अंगात कुठं असतो? चरबीत की कातडीत?" ती म्हणाली, "मांसात. कातडी, चरबी काढून टाकून काही उपयोग होत नाही. उलट शिल्लक राहतं ते ज्यात पारा असतो तेच." किती वेळा धुतलं तर जातो, विचारलं. म्हणाली, कितीही धुतलं तरी, शिजवलं तरी जात नाही.

तीन वर्षं मी एकाच गोष्टीवर जगत होतो, की मला माहीत होतं हे खरं, पण निदान मी थोडा तरी काढून टाकला. तेवढंही नव्हतं. मी तुला निवडून निवडून तेच पाठवलं, आणि दुप्पट.

आणि तुझी आई. जिच्या ताटाची मला आयुष्यभर लाज वाटली, तिनं नऊ महिने पत्रकाच्या डावीकडचं सगळ्यांत वरचं चित्र खाल्लं. मी दिलं म्हणून नाही, उरलं म्हणून. तू धडधाकट निघालीस त्यात माझा काही हात नाही.

सोबत ते पत्रक आहे. तीन वर्षांपूर्वीचं, पहिलं. टाकून दिलं नव्हतं, सुऱ्यांच्या खणात तळाशी घातलं होतं. तेलाचे डाग पडलेत. मागच्या बाजूला बाईनं शाईनं तारीख घातलीय. महिना मोजून बघ, म्हणजे मी आता तरी खरं लिहितोय हे कळेल.

माफी मागण्याचं माझं तोंड नाही, तरी मागतो. मला माफ नाही केलंस तरी तारली खा. माझ्याकडची नको. तुझ्या गावात कुणी विकत असेल त्याच्याकडून घे. कल्ले बघून, बोटानं दाबून मासा ताजा आहे का ते ठरव, पण तलवारमासा, शार्क असलं मोठं काही तो कितीही ताजं म्हणून देऊ लागला तरी घेऊ नकोस. ताज्या माशातही पारा तेवढाच असतो. हे मला कळायला तुझ्या अंगात पारा चढावा लागला.

ठमीलाही दे. काटे नीट काढून.

अप्पा


२७ मार्च, गुरुवार

चिंगळी,

अठरा दिवस झाले. उत्तराची वाट बघत नाहीये, असं लिहिणार होतो, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. रोज गाडी यायच्या वेळी थांब्यावर जातो. गाडीवाला लांबूनच मान हलवतो. त्याला वाटतं मी पुन्हा पेटी घेऊन आलोय.

नवीन रंगीत पत्रक दुकानाच्या खांबाला लावलंय. तलवारमासा मी अजून विकतो, बाकीच्यांनी कधीमधी खाल्ला तर चालतो म्हणतात. पण बाई पोटुशी दिसली की मी काप करायचा थांबतो आणि खांबाकडे बोट दाखवतो. एकीला मी पोटुशी समजलो आणि ती नव्हती. तिनं मला जे ऐकवलं ते कोळंबीवालीनं बाजारभर केलं. असो. माझी तेवढी लायकी आहे.

दुपारी घरी तारली नेतो. आता उरलेली नेत नाही, सकाळीच बाजूला काढून ठेवतो. एकट्यासाठी चार. तुझी आई ती कशी खायची ते आठवायचा प्रयत्न करतो. काटा जिभेनं बाजूला करून ताटाच्या कडेला ओळीनं मांडायची. मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

तुझी तब्येत कशी आहे तेवढं जावईबापूंना कळवू दे. चोरून नाही, तुझ्यासमोर.

अप्पा


१० एप्रिल, गुरुवार
सकाळी, गाडी सुटण्याआधी

चिंगळी,

काल गाडीवाल्यानं थांब्यावर लांबूनच हाक मारली. त्याच्या सीटमागे निळी पेटी होती. पितळी कडी घासून लखलखीत केलेली. मी ती तिथंच फुटपाथवर ठेवून उघडली. आत काही नव्हतं, फक्त तळाशी घडी घातलेलं ते पत्रक, तेलाच्या डागांचं. मला वाटलं, परत केलंस. मग उलटं करून बघितलं.

तारखेभोवती तू पेन्सिलीनं गोल केलाय. खडू घासून कापडावर करतेस तसाच, एका हाताचा, न थांबता. आणि खाली तुझं अक्षर: "तारली. डोक्यासकट. कातडी काढू नका. डॉक्टरीणबाईंना विचारलंय, आठवड्यातून दोनदा, ठमीलाही. फोन करू नका."

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. गाडीवाला म्हणाला, "काका, बसा जरा." बसलो.

तारलीची कातडी कुणी काढत नाही. ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, तुझ्या ठमीलाही कळेल चार दिवसांत. तरी तू लिहिलंस. का लिहिलंस ते मला कळलं आणि मी ते गिळलं. तो तुझा हक्क आहे. फोन करणार नाही. तू म्हणशील तोवर नाही.

पेटीत वीस आहेत, जास्त नाहीत. आठवड्याला जेवढ्या लागतील तेवढ्याच. पुढच्या गुरुवारी पुन्हा देतो. गाडीवाल्याला दोन वेळा बर्फ बदलायला सांगितलंय, मधल्या थांब्यावर बर्फवाला आहे, त्याच्याशीही बोललोय. मी काहीही कापलेलं नाही, काहीही धुऊन काढलेलं नाही. पोटंसुद्धा तू साफ कर. जशा बोटीवरून उतरल्या तशा आहेत.

झाकण उघडलंस की वरची एक उचलून बघ. डोकं आहे, डोळे आहेत, कातडी तशीच आहे.

अप्पा